शिळी टाळी

रोह्याच्या कॉलेजात आम्हाला नाटक शिकवणारे सर टाळी वाजवत नसत. म्हणजे वाजवत, पण दुसऱ्या दिवशी.

कार्यक्रम कुठलाही असो, गॅदरिंग असो, निरोप समारंभ असो नाहीतर पाहुण्यांचं भाषण असो, सर मागच्या रांगेतली कडेची खुर्ची धरायचे. दोन्ही तळहात मांड्यांखाली सारायचे आणि शेवटपर्यंत त्यांच्यावर बसून राहायचे. सगळा हॉल कडाडून टाळ्या वाजवत असताना आमचे सर थंडी भरलेल्या माणसासारखे आखडून बसलेले. पहिल्या वर्षी मला वाटलं, यांना संधिवात असणार. मग दुसऱ्या दिवशी, ज्याचं काम त्यांच्या मनात राहिलं असेल त्याला ते व्हरांड्यात गाठायचे आणि भर गर्दीत त्याच्या तोंडासमोर उभं राहून टाळ्या वाजवायचे. एकटेच. ज्याला वाजवल्या तो गोरामोरा व्हायचा आणि ज्याला नाही वाजवल्या तो आठवडाभर त्यांचा रस्ता टाळायचा.

"टाळी शिळी करून वाजवावी," असं ते म्हणत. त्याचं कारणही ठरलेलं होतं. ताजं कालवण कुणालाही आवडतं, कारण पोटात भूक असते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर जे गोड लागतं ते कालवण खरं.

ही खोड फक्त टाळीपुरती असती तर गोष्ट वेगळी. पण सरांचं सगळंच एक दिवस मागे चालायचं. पेपर तपासताना मार्क पेन्सिलने द्यायचे, रात्र जाऊ द्यायची, मग शाईने गिरवायचे. पेन्सिलचा आकडा आणि शाईचा आकडा पुष्कळदा वेगळा असायचा. पेन्सिलचा त्यांनी कधी खोडला नाही, त्यामुळे आपण काल किती हुशार होतो आणि आज किती उरलो हे आम्हाला कळायचं. स्टँडसमोरच्या टपरीवर ते रोज चहा पीत आणि ग्लास ठेवता ठेवता सांगत, "कालचा चहा बरा होता." टपरीवाला एकदा वैतागून बोलला, "सर, कालच्याचं मी आता काय करू? आजचा कसा हाय तो सांगा." सर म्हणाले, उद्या येतोच आहे की.

सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, शाळेत शिक्षिका होत्या, बोलायला मोकळ्या. आम्ही मुली एकदा त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेलो तेव्हा त्यांनीच सांगितलं. बघायला आले तेव्हा यांना विचारलं, मुलगी पसंत आहे का. हे म्हणाले, उद्या सांगतो. "मी अजून वाट बघतेय," बाई म्हणाल्या. सर आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण आतून खाकरल्याचा आवाज आला.

मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली आणि हे मी आजही कुणालाही सांगते, लाजत नाही. पहाटे उठून मिनीडोर रिक्षाने पेण स्टेशन, तिथून रोह्याची गाडी. बाबा माझ्या बारावीच्या वर्षी गेले. आईने माशांची पाटी डोक्यावर घेतली, पण कॉलेजातून माझं नाव काढलं नाही. त्यामुळे कॉलेजात मला जे मिळायचं ते मी पूर्ण वसूल करायची. सरांची टाळी मात्र तीन वर्षांत मिळाली नाही. ती मला हवी होती. इतकी हवी होती की, सांगते तुम्हाला, पदवी एकवेळ उशिरा मिळाली असती तरी चाललं असतं.

आम्हाला अभ्यासाला एक जुनी शोकांतिका होती. परदेशी, मराठीत आणलेली. पात्रांची नावं अशी की उच्चार करताना जीभ अडखळायची. सरांनी पहिल्याच तासाला सगळी नावं रद्द केली. नावं पाठ करण्यात तुमचं वर्ष जाईल, म्हणाले. एका नगराला शत्रूचा वेढा पडलाय एवढं लक्षात ठेवा. तह करायचा की लढायचं हे ठरवायला लोक चौकात जमलेत. दोघं बोलतात. एक म्हातारा प्रधान, तो पहिला. एक तरणा सेनापती, तो दुसरा. पहिला विहिरीतलं पाणी आणि कोठारातलं धान्य सांगतो आणि तह करा म्हणतो. दुसरा बोलायच्या आधी एक वस्तू पुढे करतो, लढाईत पडलेल्या राजपुत्राची फुटकी ढाल. मग तो लोकांना फक्त विचारत जातो. ही कुणाची? ही कुणासाठी फुटली? उत्तरं लोकच देतात. दरवाजे उघडले जातात, लोक लढायला बाहेर पडतात आणि नगर जळतं. म्हणून ती शोकांतिका.

विद्यापीठाचा ठरलेला प्रश्न होता, दोन्ही भाषणांची तुलना करा. आम्ही सगळे गाईडमधलं लिहायचो. पहिल्याचं भाषण बुद्धीला पटतं, दुसऱ्याचं हृदयाला भिडतं. सर त्यावर पेन्सिलने शून्य द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी शाईनेही शून्य.

तुलना अशी वर्गात बसून होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी ते दोन विद्यार्थी निवडायचे आणि कॉलेजच्या पोर्चमध्ये ती दोन भाषणं करायला लावायचे. ऐकायला फक्त वर्ग नाही. कॅन्टीनवाला, ऑफिसातली माणसं, दाखले काढायला आलेले पालक, सगळ्यांना थांबवायचे. भाषणं झाली की तहवाल्यांनी नळाकडे जायचं, लढाईवाल्यांनी आंब्याखाली. आंब्याखाली नेहमी गर्दी. सर मान डोलवायचे आणि सगळ्यांना उद्या याच वेळेला परत यायला सांगायचे. दुसऱ्या दिवशी भाषण नाही, ढाल नाही. फक्त नळ की आंबा. आणि दरवर्षी थोडी माणसं आंब्याखालून नळाकडे सरकलेली असायची. एका वर्षी कॅन्टीनवाला सरकला. सरांनी कारण विचारलं, तर म्हणाला, "काल पोरगा चांगला बोलला हो. पण घरी गेल्यावर मला त्या विहिरीच आठवत होत्या."

आमच्या वर्षी मला पहिला केलं. माझा आवाज सपाट आहे, हे मला ठाऊक होतं. मी विहिरी आणि धान्य सांगितलं आणि रोह्यातल्याच एका पोरीने पत्र्याच्या ढालीवर अख्खा पोर्च रडवला. नळापाशी मी, एक क्लार्क आणि पाणी प्यायला आलेला एक माणूस. मी सरांना स्पष्ट विचारलं, मला दुसरा का नाही केलं? सर म्हणाले, "तुला दुसरा करायची गरज नाही. तो तुझ्यात आहेच." हे कौतुक की टोमणा ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नळाकडे पुष्कळ माणसं आली, तेवढी कधीच आली नव्हती म्हणे. पण सरांनी टाळी वाजवली ती या वर्षीही नळाकडे सरकलेल्या कॅन्टीनवाल्याला.

आता आमच्या गावचा बांध सांगायला हवा.

आमची शेती खाडीच्या पातळीच्याही खाली. मध्ये मातीचा बांध, त्याच्या अलीकडे भात, पलीकडे समुद्राचं पाणी. उधाणाला बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खांड तशीच राहिली तर प्रत्येक भरतीचं खारं पाणी शेतात येतं आणि दोन-तीन वर्षांत जमीन भात विसरते. खांड बुजवायची रीत जुनी आहे. आधी देवळात सभा होते, बोलायचं ते सगळं तिथे बोलायचं, हातही वर करायचे. पण ते हात कुणी धरत नाही. खरं मत दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला, बांधावर. घरटी एक माणूस यायचा. जिथे चिखल कापतात तिथपासून खांडीपर्यंत माणसांची रांग लावायची, चिखलाची ढेकळं हातोहात द्यायला. रांग पोचली तर काम धरायचं. मध्ये अंतर राहिलं तर सगळ्यांनी घरी जायचं आणि खांड खाडीला सोडायची. वाद नाही, फेरसभा नाही.

हे मी सरांना शेवटच्या वर्षी गाडीच्या वेळेपर्यंत गप्पा मारता मारता सहज सांगितलं. सर उठून उभेच राहिले. इतके दिवस का सांगितलं नाहीस म्हणून माझ्यावरच चिडले. ते इतकी वर्षं पोर्चमध्ये जे करत होते ते आमचे आजे-पणजे चिखलात करत आले होते, असं त्यांचं म्हणणं. पुढे कधी खांड पडली तर मला कळव, असा हुकूमच सोडला.

माझी परीक्षा झाली आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी खांड पडली. आमच्याच शेतासमोर. मी सरांना फोन केला.

या वेळी गोष्ट सोपी नव्हती. जमिनी घ्यायला माणसं गावात फिरत होती, भराव टाकून कंटेनरचं यार्ड करायचं होतं. आणि ती खांड तशीच राहावी असं उघड बोलणारा माणूस माझा सख्खा चुलता होता, नाना. नाना डोलवीच्या बाजूला कंपनीत सुपरवायझर. गावातली निम्मी पोरं त्याच्या शब्दावर कामाला लागलेली. बोलायला असा की लग्नात भटजी थांबून ऐकेल. बाबा गेल्यावर आमच्या दारात पहिला उभा राहणारा पण तोच. वाईट माणूस नव्हे. मात्र खांड राहिली तर आमचं शेत जाणार होतं आणि आईला पाटीशिवाय दुसरं काही उरणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी दुपारी देवळात सभा. सर रोह्याहून आले, कॉलरला मागे छत्री अडकवून. ही त्यांची आणखी एक तऱ्हा, हात मोकळे राहतात म्हणून. मागे खांबाला टेकून बसले आणि तळहात मांड्यांखाली घातले. एका म्हातारीने त्यांना सतरंजी आणून दिली, तिला वाटलं फरशी थंड लागतेय.

नाना आधी बोलला. त्याने काही लपवलं नाही. चिखलात कंबर मोडणारी पिढी आता साठीला आली, पोरं शिफ्टला जातात, वर्षाआड खांड पडते, किती वर्षं हे करायचं, असं सगळं शांतपणे मांडलं. यार्ड आलं तर पोरांना घराजवळ काम मिळेल, पनवेलला भाड्याच्या खोलीत राहायला नको. पटण्यासारखं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या बाया माना हलवत होत्या. विहिरी आणि धान्यच होतं ते, फक्त आमच्या गावचं.

मग मी उठले. मी कॉलेज शिकलेली, मला काय करायचं ते माहीत होतं. बाबांचं फावडं मी पदराआड धरून आणलं होतं, ते काढून देवासमोर ठेवलं. पातं झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं. मी काही सांगितलं नाही, विचारलं फक्त. हे कुणाचं? दर खांडीला सगळ्यांच्या पुढे कोण असायचा? मग ते देवळात का पडलंय, बांधावर का नाय? बाया रडायला लागल्या. बांधाच्या कामात बाबांचा जोडीदार असायचा तो म्हातारा फावड्याला हात लावून पाया पडला. हात वर करायला सांगितले तेव्हा सगळं देऊळ हात वर करून उभं होतं. एकटा नाना खाली बघत बसला होता.

बाहेर आल्यावर मी सरांकडे गेले. मला वाटलं, आज तरी.

"तू दुसऱ्याचं भाषण केलंस," सर म्हणाले.

"जिंकले ना पण?"

"उद्या ओहोटी किती वाजता आहे?"

त्या रात्री सर आमच्याकडेच राहिले. आईने कोलंबीचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या. सर पोटभर जेवले आणि कालवणाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आईचं तोंड उतरलं. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन खोड समजावून सांगितली, तर म्हणाली, "असा कसा गो तुझा मास्तर? भूक काय उद्या लागलीवती?" मग ती फावडं धुवून ठेवायला गेली आणि तिथूनच सहज बोलली, दांडा मजबूत बसलाय, जुना कुजला होता, गेल्या महिन्यात नानाने नवा बसवून दिला.

सरांनी ओसरीवरून विचारलं, "कोणी बसवून दिला?" आईने परत सांगितलं. देवळात मी ते फावडं नानावरच उगारलं होतं आणि तो समोर बसून स्वतःच्या हाताने तासलेला दांडा बघत होता. एक शब्द बोलला असता तर माझं भाषण तिथेच संपलं असतं. सर त्यावर काही बोलले नाहीत. बहुतेक उद्यासाठी ठेवलं.

सकाळी न्याहारीला तेच कालवण. पहिला घास घेऊन सर आईला म्हणाले, कालवण फार चांगलं झालं होतं. आई म्हणाली, "व्हय, आता काय उपेग? संपला तो." पण तिने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

ओहोटी लागली तशी आम्ही बांधावर गेलो. मी, आई, बाबांचा जोडीदार, वरच्या आळीतली पाच-सहा घरं. काल ज्यांचे डोळे पुसताना पदर ओले झाले होते त्यांतल्या बऱ्याच जणी दिसत नव्हत्या. कुणाच्या घरात शिफ्ट होती, कुणाची कंबर धरली होती, कुणी नुसतंच नव्हतं आलं. जमलेल्यांची रांग लावली, हात लांब करून उभे राहिलो, तरी खांडीपर्यंत मध्ये चांगलं मोठं अंतर. सर पुढे होऊन त्या जागेत उभे राहिले. जोडीदार म्हाताऱ्याने त्यांना हात जोडले. "मास्तर, रागावू नका. बाहेरचा माणूस मोजायचा नाय." सर मुकाट्याने बाजूला झाले. मी माझ्या शेताकडे बघितलं. पाणी शिरलेलं तसंच होतं, भात मानेपर्यंत खाऱ्या पाण्यात. ओहोटी काय थांबून राहत नाही. म्हातारा म्हणाला, अजून थोडं बघू, मग निघायचं.

तेवढ्यात नाना आला. अंगावर कंपनीचा शर्ट, पायात कंपनीचे बूट, खांद्यावर घमेलं. मला वाटलं बघायला आला असेल, किती फजिती झाली ते. त्याने बूट काढून बांधावर ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रांगेत येऊन माझ्या पुढच्या जागेत उभा राहिला.

मी विचारलं, "नाना, तू तर काल नको बोललास."

"बोललो ते बोललो," नाना म्हणाला. "आजपण तेच बोलेन. घरटी एक माणूस यायचा असतो. माझा घर काय गावाबाहेर हाय?"

एवढंच. त्याने कुणाला हाक मारली नाही. पण खालच्या आळीतून बांध सगळा दिसतो आणि नाना चिखलात उभा आहे हे लपण्यासारखं नव्हतं. आधी त्याच्या हाताखालची दोन पोरं आली, मग त्यांच्या शेजारची घरं, मग काल रडलेल्या बायासुद्धा. काही जणी येताना उगीच मोठ्याने सांगत होत्या की आम्ही निघालोच होतो. रांग खांडीला लागली आणि वर एक माणूस उरला. मग म्हातारा सरांना म्हणाला, आता या मास्तर, आता मोजणी झाली.

सर माझ्या आणि नानाच्या मध्ये उभे राहिले. ढेकूळ माझ्याकडून सरांकडे, सरांकडून नानाकडे. निम्मी ढेकळं सरांच्या हातून फुटली. नाना हसून म्हणाला, "मास्तर, खडू नाय तो, जरा पोटाशी धरा." चिखलाने भरलेले सर मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "आपल्या नाटकात पहिला हरतो आणि घरी जातो. तिथून पुढे तो दिसतच नाही. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मला कधी खटकलं नाही."

पुढचं ढेकूळ आलं, ते मी त्यांच्या हातात दिलं.

भांगाच्या भरतीचे दिवस होते, पाण्याला जोर कमी. त्या चार-पाच ओहोट्यांत खांड बुजली. आमचं त्या वर्षीचं भात गेलं, पण जमीन राहिली. आज मी पेणला ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि सुट्टीला आईबरोबर त्याच शेतात लावणीला उतरते. यार्डाची माणसं अजून येतात. नाना अजून त्यांच्या बाजूने बोलतो. आणि खांड पडली की अजून घमेलं घेऊन येतो.

रांग लागली त्या संध्याकाळीच सर रोह्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. दुसरा दिवस होता. मी उठून उभी राहिले, पदर सारखा केला, जसं काही फोनवर कुणी बघणार होतं.

सर म्हणाले, "नाना आहेत का जवळ? त्यांना फोन दे."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. तरी मी फोन घेऊन पलीकडच्या घरात गेले. नाना दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी जेवत होता. त्याने डाव्या हाताने फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"कोण हाय गो हा? कायतरी फाटफाट वाजतंय नुसता."

"मास्तर हायत माझे. टाळ्या वाजवतायत."

"कोणाला?"

"तुला."

नानाने फोन कानाचा काढला, त्याच्याकडे बघितलं, परत कानाला लावला. घास हातातच होता.

"पण मी तर हरलेलो," तो म्हणाला.

टाळ्या अजून चालूच होत्या. मी बाहेर येऊन उभी राहिले तरी मला ऐकू येत होत्या.